पावसाळा तीन, उन्हाळा कोरा

मामाजी,

गेल्या आठवड्यात तुमच्याशिवाय पहिल्यांदा अर्थिंग मोजायच्या मशीनचं हँडल फिरवलं. दरेकशाला. तुम्ही शिकवलं होतं तसंच, जात्यावर दळण दळल्यासारखं, ना घाईत ना रेंगाळत. काटा थरथरला आणि जिथे थांबायला नको होता नेमका तिथे थांबला. मी सवयीने मागे वळून पाहिलं. मागे तुम्ही नव्हता. सात महिन्यांपूर्वीचं भांडण जिंकून तुम्ही निघून गेलात, आणि मी हरले हे सांगायला मला माणूस उरला नाही.

तुमची तेरवी होऊन महिना होत आला. भेटायला येणारे लोक चांगलंच बोलत होते. डोमाजी मिस्त्रीने अर्ध्या आमगावात उजेड केला, असा सून-सासरा पाहिला नाही, वगैरे. मी चहाचा ट्रे घेऊन ऐकत उभी राहायची. मला मात्र तुमच्याशी अजून भांडायचं आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण सासऱ्याशीही भांडू नये असं म्हणतच होते, ते तरी आपण कुठे पाळलं?

तुम्ही मला पाहायला आलात तो दिवस आठवतो. तुमच्यासोबतच्या बायांनी स्वयंपाकाचं विचारलं, विणकामाचं विचारलं. माझ्या बाबांनी भीत भीत सांगितलं की पोरगी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाली आहे. जणू काही माझ्यातली खोटच सांगत होते. तेव्हा तुम्ही बशीतला चिवडा बाजूला ठेवला आणि विचारलं, "मेगर फिरवला काय व कधी?" मेगर म्हणजे वायरिंगची गळती तपासायचं हँडलचं यंत्र. मी हो म्हटलं. "हात दुखला?" मी नाही म्हटलं. "मंग बरोबर नाही फिरवला," तुम्ही म्हणालात आणि परत चिवडा खायला लागलात. माझ्या आईला वाटलं, गेलं स्थळ. तुम्ही त्याच दिवशी संध्याकाळी होकार कळवलात.

पुढे अकरा वर्षं माझं सर्टिफिकेट पेटीत साड्यांच्या खाली पडून राहिलं. पोरांचं झालं, घरचं झालं. तुमचा लेक प्रकाश रोजच्या गाडीने गोंदियाला दुकानात नोकरीला जायचा, तुम्ही पिशवी घेऊन वायरिंगच्या कामावर जायचात, आणि मी घरात मिक्सर दुरुस्त करायची. तुम्ही कधी काही बोलला नाहीत. फक्त बिघडलेली वस्तू गिऱ्हाइकाकडून घरी आणून ओट्यावर ठेवायचात आणि निघून जायचात. संध्याकाळी ती चालू झालेली असायची. तुम्ही ती उचलायचात आणि म्हणायचात, "आपोआप सुधरली वाट्टे." हा खेळ आपण किती वर्षं खेळलो!

मग तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर शिडीवर चढू नका म्हणून बजावलं, आणि एका मास्तरांचं घर अर्धं वायरिंग होऊन पडलेलं. तुम्ही दोन दिवस घरात येरझारा घातल्या. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. "तुहा कागद पेटीत झोपून राहिला. उठव त्याले," म्हणालात. मी तयार झाले तेव्हा माझ्या हातांकडे पाहिलंत. "बांगड्या काढ. खिशात ठेव. काम झालं का घालजो." नवरा धडधाकट असताना मोकळ्या हातांनी शिडीवर चढलेली सून आमगावाने त्या दिवशी पाहिली. बायांनी नाकं मुरडली. एकीने तुम्हाला रस्त्यात थांबवून विचारलंच, काय हो मिस्त्री, सुनेच्या हातात बांगड्या काऊन नाही? तुम्ही तिला सांगितलंत, "वरून पडल्या तं तुह्याच डोक्यावर पडतीन, म्हून." ती बाई वर्षभर तुमच्याशी बोलली नाही.

त्या मास्तरांच्या घरीच मला तुमच्या धंद्यातलं ते कळलं. मीटर मिळण्यासाठी टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. ती सही म्हणजे ग्वाही: मी हे काम तपासलं आहे, या घरात माणसं सुखरूप राहतील. तुमच्या पिशवीत अशा फॉर्मचा एक गठ्ठा होता. कोरे फॉर्म, आणि खाली गोंदियाच्या एका ठेकेदाराची सही आधीच केलेली. त्याने ते घर पाहिलं नव्हतं, मास्तरांना पाहिलं नव्हतं, आमगावच्या स्टेशनावर तरी तो कधी उतरला होता की नाही कोण जाणे.

"घर न पाहता सही?" मी विचारलं.

"त्याले घर कायले पाहा लागते?" तुम्ही म्हणालात. "ऑफिसवाले त्याची सही पाहते. माहे हात कोणी पाहत नाही."

तुमच्याकडे परवाना नव्हता. तरुणपणी एकदा परीक्षेला नागपूरला गेला होतात. हातकामात सगळ्यांच्या पुढे होतात, आणि लेखी पेपरात पेन धरून बसून राहिलात. चौथीपर्यंत शिकलेला माणूस तीन तासांत दोन ओळी लिहून उठला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. हे तुम्ही मला पुष्कळ उशिरा सांगितलंत. चाळीस वर्षं तुम्ही वायरी ओढल्या आणि चाळीस वर्षं कागदावर दुसऱ्याचं नाव लागलं.

म्हणून तुमची ती पेन्सिल. काम संपलं की तुम्ही मेन स्विचचं झाकण उघडायचात, कानावरची पेन्सिल काढायचात आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचात. अर्थिंगचा पावसाळ्यातला आकडा, उन्हाळ्यातला आकडा (जो राहिला तो त्या ऋतूत परत जाऊन), आणि खाली "हात – डोमाजी". घरमालकाला पत्ताही नसायचा. मी हसले होते. म्हटलं, मामाजी, हे कोण वाचणार? तुम्ही म्हणालात, "ज्याले दुरुस्त करा लागन, तो." आणि आकडा खोडायचा नाही, हा तुमचा नियम. चुकला तर बाजूला दुसरा लिहायचा. खोडलेल्या आकड्यावर माणूस भरवसा ठेवत नाही.

दोन ऋतूंचे दोन आकडे ही तर फक्त तुमचीच रीत. गळणारी वीज माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जावी म्हणून अर्थिंग. मशीनवर आकडा जितका लहान तितकं बरं. एवढंच मला आयटीआयमध्ये शिकवलं होतं. जमीन वर्षभर एकसारखी नसते हे तुम्ही शिकवलंत. आपल्या घराचा अर्थिंगचा खड्डा तुम्ही न्हाणीच्या सांडपाण्याजवळ केला होता. कारण विचारलं तेव्हा म्हणालात, "पाणी बिनबोलावता जिथं येते, तिथं खड्डा करा. बोलवा लागलं का थे एक दिवस येणार नाही."

परवान्याचा हट्ट तुमचा होता, हे मी आज कबूल करते. लोकांना वाटतं सून फार जिद्दीची. मला दर वेळी अर्ज भरताना कंटाळा यायचा. आधी वायरमनचा, मग काही वर्षांनी सुपरवायझरचा, मग ठेकेदाराचा. दाखले, झेरॉक्स, फोटो, अनुभवाची पत्रं. तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात माझ्या आधी जाऊन उभे. पहिला परवाना पोस्टाने आला तेव्हा तुम्ही साबणाने हात धुऊन आलात, मगच पाकीट हातात घेतलंत. बराच वेळ पाहिलंत. म्हणालात, "फोटोत बहुत रागीट दिसून राहिली." मग तो देवाजवळ न ठेवता फळीवर आपल्या मशीनच्या पेटीत ठेवलात.

ठेकेदाराच्या परवान्याच्या वेळी साहेब घरी आले होते, आपल्याकडे तपासणीची यंत्रं आहेत का ते पाहायला. तुम्ही खाटेवर धुतलेली चादर अंथरून सगळी यंत्रं ओळीने मांडली होती. रुखवत मांडावं तशी. साहेबांनी विचारलं, हे वापरणार कोण? तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. ते म्हणाले, बाई, याच घराचं अर्थिंग मोजून दाखवा. भर उन्हाळा होता. मी खुंट्या ठोकल्या, हँडल फिरवलं, आकडा दोनच्या आत आला. साहेबांच्या भुवया वर गेल्या. तुम्ही न्हाणीकडे पाहत उभे होतात, चेहऱ्यावर काही न दाखवता. साहेब गेल्यावर मात्र तुम्ही चौकातून अर्धा किलो जिलेबी आणलीत आणि शेजाऱ्यांना काही कारण न सांगता वाटलीत.

आणि त्यानंतरची माझी पहिली सही दरेकशाची.

बचत गटाच्या बाया होत्या. पिठाची चक्की टाकत होत्या, नवरात्राआधी सुरू व्हायला हवी म्हणून घाईवर आलेल्या. फुलवंताबाई त्यांच्या अध्यक्ष. जंगलातून लाकूडफाटा आणून आणून त्यांचे खांदे पुरुषासारखे झालेले, आणि बोलणं त्याहून कडक. डोक्यावर धान्य घेऊन दळायला दूर जायचं, हे त्यांना आता संपवायचं होतं. आपण तीन दिवस जाऊन येऊन काम केलं. वायरिंग तुमचं, जोडण्या माझ्या. भिंतीमागे मुरमात अर्थिंगचा खड्डा केला. भादवा होता. डोंगरावरून पाणी पाझरत होतं, सगळी जमीन ओलीचिंब. मी मशीन लावलं. तीन.

मी फॉर्म काढला. तुम्ही म्हणालात, "थांब बाई. हा आकडा पाण्याचा आहे, जमिनीचा नाही."

"मशीन तीन दाखवते, मामाजी."

"मशीन खरंच बोलते. पण आजचं बोलते. भादव्यात कुठंबी खुंटा गाडला तं अर्थिंग देते. वैशाखात ये आन पाय."

"फॉर्मवर आकड्याला एकच जागा आहे. ऋतू कोणी विचारत नाही."

"फॉर्म शहरात छापते. मुरूम इथं तापते."

मी म्हटलं, उन्हाळ्यात रोज दोन घागरी पाणी खड्ड्यात टाका म्हणून सांगून जाऊ. तुम्ही हसलात, आणि ते हसू मला झोंबलं. "उन्हाळ्यात ह्या बाया बोरिंगवर अर्धा दिवस उभ्या राहते. डोक्यावर आणलेलं पाणी खड्ड्यात ओततीन? तू ओतशीन काय?" मी म्हटलं, गळती झाली की वीज आपोआप बंद करणारा खटका लावला आहे. नवीन खटक्यांवर तुमचा विश्वास नव्हता, पण का नाही ते तुम्हाला सांगता यायचं नाही. तुम्ही बाहेर गेलात, बोरिंगजवळ, जिथे बाया भांडी घासतात आणि सांडपाणी वाहत जातं तिथे बांबूची एक खुंटी ठोकलीत. "इथं दुसरा खड्डा कर. इथून लोखंडी पट्टी आण भिंतीपर्यंत."

चाळीस पावलं. दोन दिवस खोदाई. मला आमगावला आणखी दोन घरांचे रिपोर्ट द्यायचे होते. नवा परवाना होता, लोक माझं नाव घेऊन बोलवायला लागले होते. कबूल करते, मला ते आवडायला लागलं होतं. आणि दहा बाया पाहत होत्या, सासरा सुनेला शिकवून राहिला म्हणून. तेव्हा मी ते बोलले.

"परवाना माझ्या नावावर आहे, मामाजी."

तुम्ही कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली होती. ती तशीच राहिली. "हो बाई," म्हणालात. "तुह्याच नावावर आहे." एवढंच. मी पायरीवर बसून फॉर्म भरला आणि सही केली. तुम्ही आत हत्यारं गोळा करत राहिलात. परत येताना स्टेशनपर्यंत तुम्ही माझ्या पुढे चालत होतात, आणि मी मुद्दाम पाऊल उचललं नाही.

त्यानंतर आपण बोलत नव्हतो असं नाही. रोज बोलायचो. भाजीचं, पोरांच्या शाळेचं, कोणत्या घरी किती पॉइंट. फक्त दरेकशाचं नाव निघत नव्हतं. आणि तुम्ही झाकणावर लिहिणं बंद केलं. पुढच्याच घरी माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, आज आकडे लिहिले नाहीत? तुम्ही म्हणालात, "आता कागदावर नाव आहे ना. झाकणावर कायले लिहू?" मला तो टोमणा वाटला. पुढच्या घरी पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. चाळीस वर्षांची रीत माझ्या एका वाक्याने मोडली, हे ओझं मी सात महिने वागवलं. आणि माफी मागायची सोडून उलट तुमच्यावरच चिडून राहिले, कारण चूक आपली असली की माणसाला राग दुसऱ्याचा येतो.

महाशिवरात्रीला आपण नागऱ्याला दर्शनाला गेलो होतो. परतताना ऑटोत तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "ऊन तापू दे. जाऊ दोघंही दरेकशाले. मशीन घेजो." तुमच्याकडून एवढंच यायचं होतं, तेवढं आलं होतं. तुम्ही अर्धा रस्ता चालून आला होतात. आणि मी काय म्हणाले? "पाहू."

हा एक शब्द मला झोपू देत नाही, मामाजी. हो म्हणायला काय लागलं असतं?

चैत्रात एका सकाळी तुम्ही अंगणात चहा घेत बसला होतात. अर्धा कप प्यायलात, कप नीट बशीत ठेवलात आणि छातीवर हात ठेवून मागे टेकलात. प्रकाश गाडी काढेपर्यंत सगळं संपलं होतं. तुमच्या सदऱ्याच्या खिशात ती पेन्सिल निघाली, दोन पेरांएवढी उरलेली. बाकी तुमच्या वस्तू ज्यांनी मागितल्या त्यांना दिल्या. पेन्सिल मी कोणाला दाखवलीही नाही.

वैशाख तापला तशी मी मशीन घेऊन निघाले. आमगावाहून गाडीत बसले, दरेकशाला उतरले. डोंगर करपून गेला होता. चक्की चालू होती, लग्नसराईचं दळण होतं. आत गेले आणि पहिली नजर खाली गेली. चक्कीजवळ एक लाकडी पाट होता आणि फुलवंताबाई त्या पाटावर उभी राहून दळत होती. जी येईल ती आधी पाटावर चढायची, मगच चक्कीला हात लावायची.

"पाट काऊन ठेवला?" मी विचारलं.

"झिणझिण्या येते," ती म्हणाली. अगदी सहज. "होळी झाली तवापासून. पाटावर उभं राहलं का येत नाही."

मी खटक्याकडे पाहिलं. गावातल्याच कोणीतरी त्याला वळसा घालून वायर सरळ जोडली होती. "थो खटका सारखा पडे," फुलवंताबाई म्हणाली. "चक्कीच चालू देत नव्हता. कहाडून टाकला." मी खाली बसले. म्हटलं, मावशी, अंगाला वीज लागते तर मला एक फोन काऊन नाही केला?

ती माझ्याकडे पाहत राहिली, जणू मला काही समजतच नाही. "तुमी कागद देला ना, बाई. तपासलं म्हून सही केली. कागद असल्यावर आमी का बोलाव? आमाले वाटलं, नव्या चक्कीचं असंच रायते."

मामाजी, हे तुम्ही ऐकायला हवं होतं. किंवा बरं झालं, ऐकलं नाहीत. मी घाईने केलेली सही नुसती चुकीची ठरली असती तर एक वेळ चाललं असतं. त्या सहीने या बायांचं तोंड बंद केलं. त्या अंगाने वीज सोसत होत्या आणि माझ्या कागदावर विश्वास ठेवून गप्प होत्या. एखादी पोर अनवाणी, ओल्या हाताने आली असती तर? मी मेन बंद केला, फ्यूज काढून पदराला बांधले. बाया गलका करायला लागल्या, लग्नाचं पीठ आहे म्हणून. मी त्यांना सांगितलं, चूक माझी आहे. माझी सही चुकली. मिस्त्री तेव्हाच सांगत होते, मी ऐकलं नाही.

मग फुलवंताबाई म्हणाली, "थो बुढा तं बोरिंगकडे खुंटी ठोकून गेला होता."

मशीन लावलं, हँडल फिरवलं. सव्वीस. भादव्यात तीन असलेला खड्डा वैशाखात सव्वीस.

खुंटी अजून तिथेच होती. तिला फुलवंताबाईची शेळी बांधलेली. शेळीच्या आसपासची जमीन भर उन्हाळ्यात काळीशार ओली, हिरवं गवत उगवलेलं, म्हणून तर शेळी तिथे बांधत होत्या. मला रडू आलं आणि हसूही आलं. सात महिने तुमचा सल्ला तिथे उभा होता, आणि त्याचा उपयोग फक्त एका शेळीला झाला होता.

शेळी सोडली. दोन दिवस आम्ही खोदलं, बायांनी आणि मी. मीठ-कोळसा भरला, पाइप उभा केला, चाळीस पावलांची चारी करून पट्टी भिंतीपर्यंत आणली. चक्कीच्या मोटरीत वायरचं साल गेलं होतं, तीच गळती होती; ती जोडणी पुन्हा केली आणि खटका परत जागेवर आणला. मी फुलवंताबाईच्या घरीच राहिले. तिने मला अंबाडीची भाजी खाऊ घातली आणि रागावलीही. "बुढ्याचं ऐकाव ना बाई," म्हणाली. मी म्हटलं, हो.

शेवटचं काम म्हणजे नवी पट्टी मेन स्विचला आवळायची. त्यासाठी झाकण उघडावं लागणार होतं. मी ते टाळत होते. ते कोरं असणार, याची मला खात्री होती. माझ्या सहीचं पहिलं काम, आणि तुम्ही त्यावर "हात – डोमाजी" लिहायचं नाकारलेलं. ते डोळ्यांनी पाहायचं नव्हतं. पण स्क्रू काढला, झाकण उघडलं.

तुमचं अक्षर होतं. मोठं, चौथीतलं, रेघेखाली उतरत जाणारं.

पावसाळा – ३
उन्हाळा –
हात – डोमाजी
सही – घरची

चाळीस वर्षांत तुमच्या कुठल्याही झाकणावर "सही" ही ओळ मी पाहिली नव्हती. असणार कशी? परक्याची सही कोण लिहील? मी दहा बायांसमोर तुमचा अपमान केला, पायरीवर बसून फुशारकीने फॉर्म भरला, आणि तुम्ही आत उभे राहून ही ओळ लिहीत होतात. पुढच्या घरी तुम्ही म्हणालात, आता कागदावर नाव आहे, झाकणावर कायले लिहू. तो टोमणा नव्हताच. तुम्ही अगदी खरं तेच सांगत होतात, आणि मी माझ्याच अपराधाच्या कानांनी ते ऐकलं. तुमच्या हातांवर पहिल्यांदा घरचं नाव लागलं होतं. तुम्ही समाधानी होतात, मामाजी. फक्त उन्हाळ्याची जागा कोरी सोडून तुम्ही माझी वाट पाहत होतात, आणि मी म्हणाले, पाहू.

मी तिथेच भिंतीला डोकं टेकून रडले. मग कमरेची पिशवी उघडून तुमची पेन्सिल काढली. उन्हाळ्यापुढे सव्वीस लिहिलं. खोडलं नाही. पट्टी आवळली, पुन्हा मशीन फिरवलं, आणि सव्वीसच्या बाजूला लिहिलं, चार.

फुलवंताबाईने पाट पायाने सरकवला. अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहिली. मी नको म्हणेपर्यंत तिने चालू चक्कीवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. "काहीच नाही होत," ती म्हणाली.

काल वीज कार्यालयात नवा टेस्ट रिपोर्ट दिला. सोबत एक अर्ज, माझ्या हाताने लिहिलेला: आधीचा रिपोर्ट मी पावसाळ्यातल्या एकाच आकड्यावर दिला होता, तो पुरेसा नव्हता. प्रकाश म्हणाला, अगं, विचारतील, परवान्यावर येईल. येऊ दे. विचारतील त्यांना दरेकशाला नेऊन झाकण उघडून दाखवीन.

त्या दिवशी मी अर्धंच बोलले होते, ते आज पुरं करते. परवाना माझ्या नावावर आहे, मामाजी. सही घरची आहे.